झीज वगळून

सायकलच्या दुकानातला विक्रेता अर्धा तास एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतो: या गाडीला काही होत नाही. फ्रेम दणकट आहे, गिअर जपानी आहेत, वेल्डिंगवर हात फिरवून बघा. गिऱ्हाईक हात फिरवून बघतं. वेल्डिंगमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही हे त्याला आणि विक्रेत्यालाही ठाऊक असतं, पण हात फिरवल्यावर मान डोलवायची असते, ती ते डोलवतं. मग कार्ड मशीनमध्ये जातं आणि पिन दाबायच्या आत तोच विक्रेता आवाज जरा खाली आणून विचारतो, "सर, वॉरंटी वाढवून घेताय ना? नंतर काही झालं तर उगाच…" हे वाक्य तो कधीच पुरं करत नाही. त्या तीन टिंबांत गिऱ्हाईक आपापल्या कुवतीप्रमाणे अपघात, खर्च आणि बायकोचा चेहरा भरून घेतं. अर्ध्या तासापूर्वी अभेद्य असलेली सायकल दोन मिनिटांत नाजूक प्रकृतीची होते, आणि गंमत म्हणजे ही दोन्ही विधानं एकाच माणसाची आहेत याकडे कोणाचं लक्ष जात नाही. हिशेबाच्या सोयीसाठी आपण असं धरू की सायकल 15,000 रुपयांची आहे, तिच्यावर कंपनीची वर्षभराची वॉरंटी आहेच, आणि ती तीन वर्षांवर नेण्यासाठी 1,500 रुपये मागितले जातायत. द्यावेत का?

देऊ नयेत, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण सायकलच्या घडणीतच आहे. वाढीव वॉरंटी हा प्रकार फोफावला तो बंद डब्यांवर. टीव्ही, फ्रीज, मोबाइल यांच्या पोटात काय चाललंय ते मालकाला दिसत नाही. बिघडलं की आतला बोर्ड बदलावा लागतो, आणि त्या बोर्डाची किंमत सांगणारा माणूस बोर्डाकडे न बघता आपल्याकडे बघून ती सांगतो. अशा यंत्राची भीती वाटणं समजू शकतं. सायकलला मात्र 'आत' असं फारसं काही नसतंच. तिचे दात दिसतात, तिच्या तारा दिसतात, तिचा प्रत्येक स्पोक मोजता येतो. शिवाय तिचे आजार नवे नाहीत. आजच्या सायकलीची मूळ आकृती 1885 साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं रोव्हर नावानं बाजारात आणली: दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. त्या चेनचं पेटंट हान्स रेनॉल्डनं त्याआधीच, 1880 मध्ये, घेऊन ठेवलं होतं. 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉपनं हवेचं टायर आणलं आणि पंक्चर या संस्थेचीही स्थापना झाली. (डनलॉपचं पेटंट थोड्याच वर्षांत रद्द झालं, कारण तीच कल्पना रॉबर्ट थॉमसननं 1845 मध्येच नोंदवली असल्याचं उघडकीस आलं. म्हणजे हवेच्या टायरच्या इतिहासातलं पहिलं मोठं पंक्चर पेटंटलाच झालं.) तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षं सायकल त्याच चार-पाच कारणांनी कुरकुरते आहे. अनोळखी संकटाचा विमा काढावा हे ठीक, पण हे संकट आजोबांच्याही परिचयाचं आहे.

आता वॉरंटीचा कागद वाचू. तो वाचला जाऊ नये याची छपाईत पुरेशी काळजी घेतलेली असते, तरी चष्मा लावून वाचलाच तर त्यात काय मिळेल यापेक्षा काय मिळणार नाही याची यादी मोठी दिसते. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल, चेन, फ्रीव्हील, सीटचं कव्हर, ग्रिप, रंग, गंज: बहुतेक कागदांत हे सगळं 'नैसर्गिक झीज' या दोन शब्दांच्या पोटात जातं. सायकल चालवणाऱ्या कोणालाही विचारा, गेल्या पाच वर्षांत तुमच्या सायकलला काय काय झालं. तो जे सांगेल ते ओळीनं लिहून काढा, आणि ती यादी या यादीशेजारी ठेवा. दोन्ही एकाच माणसानं लिहिल्यासारख्या दिसतील. वॉरंटी लिहिणारे लोक सायकल फार चांगली ओळखतात, एवढं त्यांना श्रेय दिलंच पाहिजे. यादीबाहेर मग उरतं काय? मुख्यतः फ्रेम, फोर्क आणि हँडल. यातली जी फ्रेम, तिच्यावर मूळ कंपनीनंच बराच काळ आपला शब्द दिलेला असतो. ट्रेक, जायंट यांसारख्या कंपन्या मूळ खरेदीदाराला बहुतेक मॉडेलांच्या फ्रेमवर आजीवन वॉरंटी देतात. म्हणजे ज्या एका भागाला वाढीव संरक्षण चालतं, त्याला ते आधीच, फुकट आणि जास्त वर्षांचं मिळालेलं असू शकतं. तेच पुन्हा विकत घेणं म्हणजे स्वतःच्याच घराचं भाडं भरणं.

'आजीवन' म्हणजे कोणाचं जीवन, हा प्रश्न इथे कोणी विचारेल. रास्त आहे. शिकागोची श्विन ही 1895 सालची कंपनी, अमेरिकेतल्या पोरांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर सायकल शिकल्या. 1992 मध्ये तिनं दिवाळं काढलं. आपल्याकडे सोनीपतची ॲटलस 1951 पासून घराघरांत होती. तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला, आणि 3 जून हा संयुक्त राष्ट्रांनी 2018 मध्ये जाहीर केलेला जागतिक सायकल दिन आहे. कथेत घातलं असतं तर संपादकानं अतिरंजित म्हणून कापलं असतं. पण हा आक्षेप वाढीव वॉरंटीच्या बाजूचा ठरत नाही. कारखाना बंद पडला तरी ॲटलसच्या सायकली रस्त्यावर धावतच राहिल्या, कारण त्यांचे छर्रे, कोन, एक्सल, स्पोक कुठल्याही दुकानात मिळत होते आणि मिळतात. कागदाचं आयुष्य कंपनीएवढं असतं, लोखंडाचं त्याहून जास्त.

झिजेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण वादाचा गाभा तिथेच आहे. चेन सैल झाली की लोक म्हणतात ती ताणली गेली. पोलाद असं रबरासारखं ताणलं जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनेभोवती धूळ आणि जुनं तेल यांची खरवडणारी चटणी तयार होते, आणि पायडल मारताना दर वळणावर पिन केसभर झिजते. शंभराहून अधिक पिनांचा हा केसभर हिशेब एकत्र झाला की चेन लांब दिसते. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणून नव्या चेनचे 24 सांधे बरोबर 12 इंच भरतात; ते 12 इंच आणि वर एक अष्टमांश इंच भरले, की चेन एक टक्का लांबली आणि ती मागचे दातेही खाऊ लागली असं समजायचं. हे मोजायला शाळेतली फूटपट्टी पुरते. यात दोष कोणाचा? कारखान्याचा नाही, मालकाचाही नाही. चेन झिजली याचा अर्थ सायकल चालवली गेली, एवढाच. आणि वॉरंटीचं तत्त्व असं की चालवल्यामुळे जे होतं ते तिच्यात बसत नाही. तेव्हा सायकलीचा तिच्या नावाला साजेसा उपयोग करणारा माणूस या करारातून आपोआप बाहेर पडतो, आणि ती गॅलरीत टांगून ठेवणारा माणूस पूर्ण संरक्षणाखाली राहतो. त्याची चेन तीन वर्षांत केसभरही लांबत नाही. फक्त गंजते, आणि गंज वगळलेला आहे.

यंत्रं कधी बिघडतात याचा विश्वसनीयतेच्या शास्त्रात एक प्रसिद्ध आलेख आहे. त्याला इंग्रजीत आंघोळीच्या टबाचं नाव आहे. टबात बसून आंघोळ करणारे आपल्यात कमी, म्हणून आपण त्याला घमेल्याचा आलेख म्हणू. सुरुवातीला बिघाड जास्त असतात, कारण कारखान्यातल्या चुका पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडतात: बेअरिंग कच्चं निघतं, चाक सरळ केलेलं नसतं, एखादा नट आवळायचा राहून गेलेला असतो. ही घमेल्याची डावी कड. मग बराच काळ सपाट तळ, जिथे काही म्हणता काही होत नाही. आणि शेवटी उजवी कड, जिथे झीज साचून एकेक भाग जाऊ लागतो. आता पैसे कुठे मागितले जातात ते बघा. डावी कड कंपनीच्या पहिल्या वर्षात येते, ती आधीच किमतीत धरलेली आहे. उजवी कड 'नैसर्गिक झीज' म्हणून करारानं बाहेर काढली आहे. वाढीव वॉरंटी नेमकी घमेल्याच्या तळाशी अंथरलेली असते. ॲल्युमिनियमची फ्रेम थकून तडकते, पोलादासारखी सुरक्षित मर्यादा तिला नसते, असं जाणकार इथे म्हणतील, आणि ते खरंच आहे. एका मर्यादेखालचा ताण पोलाद कितीही वेळा सोसतं; ॲल्युमिनियम मात्र लहान ताणाचीही नोंद ठेवतं. पण म्हणूनच ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड केलेल्या असतात, आणि रोज भाजी आणि क्लास एवढ्या प्रवासात ती नोंद भरायला तीन वर्षं पुरत नाहीत. जिथे पुरतात, म्हणजे दगडधोंड्यांवरून उड्या मारणाऱ्यांच्या बाबतीत, तिथे कागदावर आणखी एक ओळ असते: स्पर्धा, उड्या आणि गैरवापर वगळून.

अटींचा हा भाग विनोदी लेखकाला काही काम ठेवत नाही. व्यावसायिक वापर वगळलेला असतो. म्हणजे मुंबईचा डबेवाला, दोन्ही बाजूंना किटल्या लावलेला दूधवाला, पहाटेचा पेपरवाला, ज्यांच्या हाती सायकलीची खरी परीक्षा होते आणि ज्यांचं पोट तिच्यावर चालतं, त्यांना संरक्षण नाही. ते आहे रविवारी सकाळी मिसळ खायला सहा किलोमीटर जाणाऱ्याला. पुढची अट मूळ बिलाची. आजचं बिल गरम होऊन काळं पडणाऱ्या कागदावर छापलेलं असतं. कपाटात वर्षभर ठेवलं की त्यावरची अक्षरं हळूहळू निवृत्त होतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर आपल्या हातात एक कोरी, गुळगुळीत पट्टी उरते. तीन वर्षांच्या कराराचा पुरावा दीड वर्षात पुसला जाणाऱ्या कागदावर देणं ही योजना कोणी मुद्दाम आखली असेल असं मी म्हणत नाही, पण आखली असती तरी यापेक्षा बरी जमली नसती. मग अधिकृत सेवाकेंद्राची अट. सायकल तिथेच न्यायची, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचा हात लागला तर करार संपला. हे केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला असतं, आणि सायकल तर चालत नाही म्हणूनच न्यायची आहे. तेव्हा ती रिक्षात तिरकी घालून, पुढचं चाक बाहेर काढून, आपण हँडल मांडीवर घेऊन जायचं. परत आणायला पुन्हा तेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हिशेब इथे फक्त मसाल्याच्या वाहतुकीत पूर्ण होतो.

अर्थशास्त्रज्ञांनाही ही वाढीव वॉरंटी फार दिवसांपासून बुचकळ्यात टाकते आहे, कारण त्यांच्या पुस्तकातला शहाणा माणूस ती घेत नाही आणि दुकानातला माणूस घेतो. 2001 मध्ये मॅथ्यू रॅबिन आणि रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिलं की छोट्या रकमेच्या जोखमीला एवढं भिणारा माणूस खरोखर तर्कानं चालत असेल, तर मोठ्या जोखमीपुढे तो घराबाहेरच पडणार नाही. तो पडतो, शेअर बाजारातही जातो, हेल्मेट न घालता जातो. म्हणजे 1,500 रुपये देताना तो तर्क वापरत नसतो, पश्चात्तापाला हप्ता भरत असतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अबिटो आणि सॅलंट यांच्या टीव्हीवरच्या अभ्यासात आणखी साधी गोष्ट निघाली: वस्तू बिघडण्याची शक्यता लोक खरी असते त्याहून बरीच जास्त धरतात. ब्रिटनमध्ये स्पर्धा आयोगानं 2003 मध्ये घरगुती विजेच्या वस्तूंच्या वाढीव वॉरंट्यांची चौकशी केली आणि 2005 पासून नियम आला की किंमत आधीच लावा, दर लिहून द्या, तो 30 दिवस कायम ठेवा, आणि घेतलेली वॉरंटी 45 दिवसांत परत करू द्या. म्हणजे काउंटरवर तापलेलं डोकं घरी जाऊन थंड व्हायला सरकारनं दीड महिना दिला. सायकलीच्या बाबतीत इतका वेळ लागू नये. तुमच्या 1,500 रुपयांतून आधी दुकानदाराचं कमिशन जातं, मग योजना चालवणाऱ्याचा खर्च, मग त्याचा नफा, आणि उरलेल्यातून दुरुस्त्या भागतात. विमा असाच चालतो, त्यात लबाडी नाही. पण ज्या नुकसानीनं आपण रस्त्यावर येणार नाही, तिच्यासाठी दुसऱ्याच्या ऑफिसचं भाडं आपण का द्यावं? आणि सरकारचा विनोद वेगळाच. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याच दिवशी वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा कर शून्य झाला. वेगळी विकलेली वाढीव वॉरंटी मात्र सेवा म्हणून 18 टक्क्यांतच आहे. तेव्हा माणसाची काळजी करमुक्त, सायकल 5 टक्क्यांत, आणि सायकलीची काळजी 18 टक्क्यांत.

या सगळ्या अभ्यासांपेक्षा मला एक जुना, आपल्या गल्लीतला पुरावा जास्त पटतो. भाड्यानं तासावर सायकल देणारी दुकानं एकेकाळी महाराष्ट्रात गावोगावी होती. तिथल्या सायकलींचं नशीब आठवा. रोज नवा स्वार, बहुतेक शिकाऊ, काही डबलसीट, काही ट्रिपलसीट, आणि तास भरत आला की सगळेच सुसाट. सायकलीवर याहून वाईट प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेतही होत नसतील. आणि त्या दुकानाचा मालक, ज्याच्याकडे वीस-पंचवीस सायकली होत्या आणि ज्याला कुठला भाग कधी जातो हे तोंडपाठ होतं, तो वॉरंटी वाढवून घेत बसला नाही. त्यानं पाण्याचं घंगाळ ठेवलं, सोल्युशनची ट्यूब आणि जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवले, स्पोकची चावी ठेवली, आणि गल्ल्यातला एक कप्पा दुरुस्तीसाठी बाजूला काढला. सगळ्यांत जास्त माहिती असलेला माणूस जेव्हा करार घेत नाही, तेव्हा कमी माहिती असलेल्यांनी जरा थांबायला हवं. 2011 च्या जनगणनेत देशातल्या 44.8 टक्के घरांत सायकल होती, म्हणजे सुमारे अकरा कोटी घरांत. त्यातल्या कितींच्या ट्रंकेत वाढीव वॉरंटीचं कार्ड असेल, हे शोधायला वेगळी जनगणना लागणार नाही.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की तो घंगाळवाला आता राहिला कुठे? नव्या वसाहतींत, बायपासपलीकडच्या टॉवरांत, पंक्चरवाला शोधायला गाडी काढावी लागते. मोटारींचं टायर काढणारा सायकलकडे बघतही नाही. हे खरं आहे, आणि ज्यांनी 'कोपऱ्यावर मेकॅनिक असतोच' असं गृहीत धरून वाढीव वॉरंटीला हसायचं ठरवलंय त्यांनी एकदा अशा वसाहतीत चेन पडलेली सायकल ढकलून बघावी. पण वॉरंटी मेकॅनिक आणून देत नाही. तिच्यासोबत मिळतात त्या दोन-तीन सर्व्हिसिंग, आणि खरं मोल असलंच तर त्यांचं आहे. मग त्या वेगळ्या विकत घ्याव्यात. वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग, चाकांचा आउट काढणं, ब्रेक आणि गिअर लावून घेणं, याचे पैसे काम झाल्यावर, काम बघून द्यावेत. काही योजनांत वॉरंटी हे फक्त वेष्टन असतं आणि आत आगाऊ पैसे भरलेली सर्व्हिसिंग असते. ती घरी येऊन करून देणार असतील आणि दर बरा असेल, तर जरूर घ्या. तिथे माझा वाद संपतो. फक्त दुकानदाराला विचारा की कितव्या सर्व्हिसिंगपर्यंत मेकॅनिक खरंच घरी येतो, आणि उत्तर बिलावर लिहून मागा. ते उत्तर लिहिताना पेन किती वेळ थांबतं त्यावरून बरंच कळतं.

मनःशांतीचा आक्षेप मला तितका जड वाटत नाही. पैसे दिले की झोप चांगली लागते, असं म्हणतात. लागत असेल. पण सायकलीबाबत झोप उडवणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे चोरी, आणि वॉरंटीत चोरी नाही. व्हित्तोरिओ दे सिकाच्या 1948 च्या 'बायसिकल थीव्ज'मधला बेकार बाप, बायकोनं घरच्या चादरी गहाण टाकल्यावर, फिदेस कंपनीची आपली सायकल सोडवून आणतो, आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती पळवली जाते. त्याच्या खिशात आजीवन वॉरंटी असती तरी रोमभर मुलाचा हात धरून फिरणं चुकलं नसतं. दोन-तीन लाखांची कार्बनची सायकल ज्यांच्याकडे आहे त्यांनी विमा जरूर काढावा, चोरीचा आणि अपघाताचा. कार्बन पडल्यावर वरून साबूत आणि आतून भेगाळलेला असू शकतो, आणि तिथे तो जुना 'बंद डबा' पुन्हा आलाच. पण विमा वेगळा आणि वॉरंटी वेगळी. दुकानात एकाचं नाव घेऊन दुसरं विकलं जातं. फ्रेममध्ये कारखान्याचाच दोष निघाला आणि कंपनी हात वर करू लागली, तर त्यालाही दीड हजार लागत नाहीत. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्क नाही. वेळ लागतो, हे कबूल. सेवाकेंद्रालाही लागतो.

बॅटरीच्या सायकलीला मात्र मी वेगळा न्याय लावतो. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी हे खरेखुरे बंद डबे आहेत, आणि एकटी बॅटरीच सायकलीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाते. तिथे वाढीव वॉरंटी घ्यायला हरकत नाही, फक्त क्षमतेचं कलम वाचावं. लिथियमची बॅटरी एकदम मरत नाही. ती दर चार्जिंगला थोडी म्हातारी होते, पहिल्या वर्षी ऑफिसला जाऊन परत आणते, तिसऱ्या वर्षी जाते आणि परतीचं आपल्यावर सोपवते. किती टक्क्यांखाली क्षमता गेली तर बॅटरी बदलून मिळेल, हा आकडा करारात असेल तर करार कामाचा. नसेल तर तिथेही 'झीज' म्हणून हात झटकले जातात.

लहान मुलांच्या सायकलींबाबत तर हा प्रश्न विचारणंच नवल आहे, आणि नेमका तिथेच तो सगळ्यांत जास्त यशस्वी होतो, कारण पैसे आजोबा देत असतात. सोळा इंची चाकाची सायकल, वर तीन वर्षांचं संरक्षण. नातू दोन वर्षांत त्या सायकलीतून बाहेर वाढतो, गुडघे हँडलला लागू लागतात, आणि सायकल धाकट्या मावसभावाकडे नाशिकला जाते. वॉरंटी मूळ खरेदीदारापुरती असल्यामुळे ती आजोबांकडेच राहते. मोठ्यांचंही फार वेगळं नसतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकलेल्या, दोन्ही टायर बसलेल्या, सीटवर मांजर बसलेल्या गिअरच्या सायकलींना नीट तपासलं तर त्यांच्यात तांत्रिक बिघाड सापडत नाही. फ्रेम ठणठणीत, गिअर कोरे. निकामी झालेली असते ती मालकाची हौस; ती साधारण दुसऱ्या पावसाळ्यात जाते, आणि तिचा सुटा भाग बाजारात मिळत नाही.

राहता राहिला दुकानदार. त्यानं जगायचं कसं, सायकलीवर त्याला सुटतं ते किती, हा आक्षेप कोणी मोठ्यानं घेत नाही, पण तो बरोबर आहे; वॉरंटी आग्रहानं विकली जाते ती याचमुळे. माणूस बरा असेल आणि दुकान जवळ असेल तर त्याला पैसे जरूर मिळावेत. ते 1,500 रुपये त्याच्याच काउंटरवर ठेवून एक चांगलं कुलूप, मागचा लाल दिवा, चेनच्या तेलाची बाटली आणि पायानं दाबून धरायचा उभा पंप मागावा. बहुतेक सगळं त्यात बसतं, त्याला दोन पैसे सुटतात, आणि तेल सोडलं तर यातलं काही तीन वर्षांत संपत नाही. पंप मात्र लपवून ठेवावा लागतो. तो घरात आहे हे कळलं की वरच्या मजल्यावरचे, शेजारच्या विंगमधले, एरवी जिन्यात तोंड फिरवणारे सगळे 'जरा हवा मारायची होती' म्हणत येतात, आणि गेलेला पंप कोणाच्या घरी आहे हे दिवाळीपर्यंत कळत नाही.